नेफ्यातला तुकडा

पिंकी दुपारी झोपली की मला माझा वेळ मिळतो. किती मिळेल ते तिच्या मर्जीवर. कधी भांडी घासून होईपर्यंतच संपतो, कधी चहा गाळून, बसून, गरम असतानाच पिऊनही उरतो. उरला की मी खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबते. गडचांदूरला धूळ कुठूनही आत येते. राखाडी, सिमेंटची, पिठासारखी. सकाळी पुसलेल्या फरशीवर दुपारी बोट फिरवलं की रेघ उमटते. मग पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढते आणि तिकोन्या बाहेर काढते.

तिकोनी म्हणजे त्रिकोणी झेंडी, कबड्डीच्या संघाची. आता फ्लेक्सचे बॅनर आलेत. पूर्वी धान कापून झालं की आमच्या भागात गावोगाव सामने भरायचे आणि प्रत्येक संघ आपली झेंडी घेऊन जायचा. बनातीसारखं जाड लोकरी कापड असतं ना, फेल्ट, त्याची. एक बाजू निमुळती. दुसरी रुंद, आणि तिथे काठी घालायला नेफा. सामना संपला की दोन्ही संघ झेंड्या बदलायचे. म्हणून सावली गावाची झेंडी सावलीत कधी सापडत नाही. ती वैनगंगेपलीकडे कुठल्या तरी घरात, कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते.

हे वेड हेमराज सरांचं. कॉलेजात त्यांनी आम्हाला कबड्डी शिकवली. मी डावा कोपरा धरायचे. नोकरीतून मोकळे झाल्यावर ते गावोगाव फिरून झेंड्या गोळा करायला लागले. फाटलेल्या माझ्याकडे पाठवतात. मी त्या दुरुस्त करते आणि प्रत्येकीला अंदाजे साल लावून देते.

साल लावायला मी पिंकीला पाजता पाजता शिकले. एका हाताने फोन धरून अमेरिकेतल्या माणसांचे व्हिडिओ बघायचे. तिकडे बेसबॉलच्या जुन्या फेल्ट झेंड्या जमवणारे लोक आहेत. बेसबॉल मला आजही कळत नाही आणि त्यांचं बोलणं अर्धंच कळायचं, पण त्यांचे हात कळायचे. झेंडी उलटी करायची, शिवण बघायची. काठाचा एक धागा काढून जाळायचा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर, प्लास्टिकचा आला तर अलीकडचा माल. अक्षरं कापून शिवलेली असतील तर जुनी, रंगाने छापलेली असतील तर नंतरची. आणि नेफा उसवून आतला रंग बघायचा, कारण तिथे ऊन पोचलेलं नसतं. आमच्याकडे आणखी एक सोय आहे. झेंडीवर ‘जि. चांदा’ असेल तर नाव बदलायच्या आधीची. नदीपलीकडच्या गावाच्या झेंडीवर ‘जि. चंद्रपूर’ असेल तर गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायच्या आधीची.

राजदीप, माझा नवरा, खाणीवर पाळीत असतो. घरी आला की पेटीकडे बघून म्हणतो, “लोकायच्या बायका साड्या जमवतात. माह्या बायकोनं चिंध्या जमवल्या.” म्हणतो आणि पिंकीला कडेवर घेऊन अंगणात जातो, म्हणजे मला अजून थोडा वेळ मिळावा.

ती हिरवी झेंडी दिवाळीनंतर आली. सरांनी एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलेली, वर्तमानपत्रात गुंडाळून. वरून फोन.

“रिना, हे माह्या घरचीच हाय. कोसमटोल्याची. माळ्यावर नाई, भिंतीवरच होती इतके वर्षं. बुढा देऊन नव्हता राह्यला. नेफा विरला म्हणून देल्ली. लवकर पाठवजो, तो रोज विचारून राह्यला.”

बुढा म्हणजे त्यांचे वडील. कोसमटोला गडचिरोलीच्या पुढे, धानोऱ्याच्या वाटेवर, फाट्यापासून आत. मी कधी गेले नव्हते.

झेंडी उघडली. हिरव्या फेल्टवर पांढऱ्या फेल्टची कापून शिवलेली अक्षरं: सावली महिला संघ, जि. चंद्रपूर. सावली म्हणजे राजदीपच्या मोठीमायचं गाव. ती येणारच होती पिंकीला बघायला, तेव्हा दाखवू, असं मनात आलं. धागा जाळला. अर्धी लोकर, अर्धं प्लास्टिक. शिवणीचा दोरा टेरिकॉटचा. ऐंशीच्या आसपास, थोडी पुढेच. सोपी होती.

एवढंच वाटलं की ती दुमडून आली तरी तिच्यावर घडी पडलेली नव्हती. आणि नेफा कोमट होता. झोपलेल्या लेकराला उचलल्यावर त्याच्या पाठीखालची गादी असते तसा. नोव्हेंबरचं ऊन खिडकीतून पलंगावर येत होतं. झेंडी मी उन्हापासून लांब ठेवली होती, पण ते मला नंतर आठवलं.

त्या आठवड्यात पिंकी छान झोपली. दात येत होते, कुरकुर चालू होती, तरी झेंडी बाहेर काढली की तिचे डोळे मिटायचे. मला त्याचं नवल वाटलं नाही. दमलेल्या बाईला झोप मिळाली तर ती कारण विचारत नाही.

नेफा मी ब्लेडने उसवला. आतलं हिरवं इतकं ताजं होतं की डोळ्यांना गार वाटलं. आणि आत कापडाचा तुकडा होता. हळदीत बुडवलेलं पिवळं मलमल, तळहाताएवढं, टाक्यांनी टाचलेलं. त्याच्या दोन्ही बाजूंना तसल्याच टाक्यांची भोकं होती, रिकामी. इथे आणखी तुकडे होते आणि कुणीतरी ते काढून घेतले होते. भोकांच्या चौकटी मोजल्या. सहा. हा सातवा.

तुकडा ओलसर होता. नाकाशी नेला तर आंबूस दुधाचा वास. माझ्या खांद्याला वर्षभर येतो आहे तोच. तेव्हा मला वाटलं, माझ्याच हाताचा असेल.

मी तुकडा काढला, पारदर्शक पाकिटात घातला, वर ‘सावली, नेफ्यातून’ अशी चिठ्ठी लावली आणि पाकीट भिंतीवरच्या दोरीला चिमट्याने अडकवलं. अशा सुट्या वस्तू मी तिथेच लावते.

मग दुरुस्ती. नेफ्याचा काठ चुरत होता, आतून आधार द्यायला हवा होता. नवं कापड चालत नाही; त्यातली खळ फेल्टला खाते, आणि नंतर ते आटलं की झेंडीला चुण्या पडतात. लागतं ते पुष्कळदा धुतलेलं, मऊ सुती. आमच्या घरात त्याहून मऊ काही नव्हतं, म्हणून मी पिंकीचं झबलं घेतलं. पहिलं, पांढऱ्यावर निळी बदकं असलेलं. तिला आता होत नव्हतं. कापायला जीव होईना, म्हणून पाठीचाच तुकडा घेतला, त्यातही एक बदक आलं. तुकडा पिवळ्याच्याच जागी बसला, त्याच भोकांतून सुई गेली. बारीक टाके घातले. वरून नेफा बंद केला. काम सुबक झालं. दुसऱ्या दिवशी झेंडी एसटीने परत.

सरांचा फोन आला, “बुढ्यानं लावली बी जागेवर. खूश हाय.”

पिंकीचा दम त्यानंतर सुरू झाला.

लेकरं रडताना श्वास रोखतात, ते मला माहीत होतं. ही रडत नव्हती. खेळता खेळता थांबायची, दाराकडे बघायची, खोल श्वास घ्यायची आणि धरून ठेवायची. ओठ मात्र हलत राहायचे, भराभर, आवाज न होता. मी हाक मारायचे, हलवायचे, फुंकर घालायचे. मग सुस्कारा सोडून पुन्हा वाटीशी खेळायला लागायची. घाम आलेला असायचा. पळून आल्यासारखा.

डॉक्टरांनी छाती तपासली, म्हणाले, होतं असं, मोठी झाली की जाईल. मला म्हणाले, “तुम्हीच जरा झोप घ्या.”

दुसरी गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली नाही. ती हलकी व्हायला लागली होती. अंगणवाडीच्या काट्यावर वजन तेवढंच, उलट थोडं वाढलेलं. पण कडेवर घेतली की माझ्या कंबरेला कळायचं. रोज उचलणारीला कळतं. पाण्याची कळशी रोज भरून आणावी आणि एक दिवस पदर खोचून उचलायला जावं तर ती अर्धीच निघावी, तसं.

राजदीपला म्हटलं. त्याने पिंकीला उचललं, खालीवर केलं.

“तितकीच हाय.”

“नाही रे.”

“तुह्या हातात जोर आला असन.” मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “मोठीमाय येऊन राह्यली उद्या. दोन दिवस लेकरू तिच्याजवळ दे. तू नुसती पडून राह्य.”

अंजनाबाई, त्याची मोठीमाय, आईची थोरली बहीण. पंचाहत्तरी ओलांडलेली, पण सावलीहून दोन एसट्या बदलून एकटी आली. पिशवीत नवे तांदूळ, आंबाडीची भाजी आणि पिंकीसाठी पायातले वाळे. एकटीच राहते. एक मुलगी होती, लहान वयातच गेली, एवढंच घरात कुणीतरी कधी बोललं होतं. पुढचं कुणी बोलत नसे, म्हणून मीही विचारलं नव्हतं.

तिने पिंकीला पायांवर पालथं घेऊन तेल लावलं. माझ्यापेक्षा तिचेच हात पिंकीला आवडले. मग पायाचे तळवे घेतले, अंगठ्याने दाबले, हसली.

“पाय पाह्यजो कसे हायेत. गालावानी. जमिनीले लागलेच नाई अजून.”

खरंच होतं. पिंकी धरून उभी राहायची, तेही गादीवर. तळवे गुलाबी, रेघासुद्धा नीट न उमटलेले. रोज आंघोळीनंतर मी त्यांना ओठ लावायचे. ती पाय ओढून घ्यायची, पुन्हा पुढे करायची. आमचा तो खेळच होता.

दुपारी मी चहा घेऊन आले तर अंजनाबाई दोरीसमोर उभी होती. हातात पाकीट. चिमटा खाली पडलेला.

“हे कुठून आणलं तू?”

“झेंडीत होतं, मोठीमाय. सावलीच्याच. तुम्हाला दाखवायचंच होतं.”

“हे माह्या ज्योत्स्नाचं झबलं हाय.”

तिचा आवाज जराही चढला नव्हता. घरातली हरवलेली वाटी शेजारणीकडे दिसावी तशी ती बोलली. खाली बसली. मी चहा पुढे केला, तो तिने घेतला नाही.

“पोट्ट्या गावाबाह्यर खेळाले जात,” ती म्हणाली, “तं माय आपल्या लेकराच्या पहिल्या झबल्याचा तुकडा नेफ्यात टाचे. सात पोरी, सात तुकडे.”

“का?”

“काऊन म्हंजे काय वं. तू बी तं खेळली. पोरगी लाइनीपलीकडे जाते दम धरून. वापस याले घरचं काही संगं पायजे का नाई? इकडं विहारातले भन्तेजी बी हासत आमाले, म्हणत हे कायचं घेऊन बसल्या. आम्ही म्हणलं, मायचं मन हाय, त्याले कायचा धर्म.” तिने पाकिटावरून बोट फिरवलं. “झेंडी बदलाच्या आधी नेफा उसवाचा. जिचा तुकडा तिनं घ्याचा, मंग झेंडी द्याची. त्या दिवशी ट्रकवाला घाई करून राह्यला होता. सहाजणींनी आपापले काढले. ज्योत्स्ना बोडीच्या पाण्यावर गेलती, पाय धुवाले.”

“आणि?”

“आन् काय. बोडी पाह्यली, जंगल पाह्यलं, पोलीस झाले. तिचं काहीच भेटलं नाई. ओढणी बी नाई.” पाकीट मांडीवर ठेवून म्हणाली, “धान कापतानी विळा लागला होता तिले, डाव्या टाचेले. चांगला खोल. आडवा. मी म्हणलं नको जाऊ. म्हणे, माय, चढाई पायानं नाई, दमानं होते.”

पाळण्यात पिंकी जागी झाली होती. आवाज न करता आमच्याकडे बघत होती.

“झेंडी त्यायच्याकडे राह्यली, तुकडा त्यायच्याकडे राह्यला,” अंजनाबाई म्हणाली. “मी तुकडा मांगाले गेलती. त्या गावानं म्हणलं, आमाले कोणती झेंडी माईत नाई. आता तुनं काढला. आता येईन ते पोरगी घरी.” तिने पाकीट छातीशी धरलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “मंग आता त्या नेफ्यात काय हाय?”

मी पाळण्याकडे बघितलं.

पिंकीने दाराकडे बघितलं. श्वास घेतला. धरला.

राजदीपने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, मोठीमाय म्हातारी झाली, तू झोपत नाहीस, सरांना फोन कर, ते तुकडा काढून पाठवतील. सगळीच वाक्यं बरोबर होती. सरांना फोन केलाच होता. बुढा झेंडीला हात लावू देत नाही, म्हणाले, तू ये, तुझं ऐकेल. राजदीपने माझ्याकडे बघितलं, पिंकीला हातात तोललं. या वेळी ‘तितकीच हाय’ म्हणाला नाही. सकाळी त्याने आम्हाला एसटीत बसवलं, खिडकीतून पिंकीचं टोपरं नीट केलं. “संध्याकाळपर्यंत या,” म्हणाला.

चंद्रपूरला बस बदलली. मूल, मग सावली. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या, भाऱ्यांचे पुंजणे रचलेले. सावलीत अंजनाबाईचं घर स्टँडवरून दिसतं, पण ती उतरली नाही. पिंकी माझ्या मांडीवर झोपली होती. मांडीला मुंग्या येत नव्हत्या. एवढ्या वेळात यायला हव्या होत्या.

वैनगंगेच्या पुलावर बस चढली तेव्हा ती जागी झाली. श्वास घेतला.

मी तिच्या तोंडावर फुंकर घातली. पाठ चोळली. ओठ हलत होते. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून बघायला लागला. पुलाखाली वाळू, मग पाण्याची धार, पुन्हा वाळू. मी तिच्या कानाशी म्हणत होते, सोड गं माझी बाई, सोड. पूल संपला आणि तिने श्वास सोडला. पलीकडे पोचल्यावर.

अंजनाबाई म्हणाली, “इथून लाइन हाय.”

हेमराज सर फाट्यावर गाडी घेऊन आले होते. वाटेत सागाची पानं गळून पडलेली, रस्ता लाल मुरमाचा. आमच्या राखाडीची सवय झालेल्या डोळ्यांना ते लाल फार वाटलं. सर बोलत होते, धानाबद्दल, वाघाबद्दल, गावात खोली मिळाली तर झेंड्या कशा मांडायच्या त्याबद्दल. अंजनाबाई कोण, ते मी फोनवर सांगितलं होतं. तिच्याशी ते फारसं बोलू शकत नव्हते.

घर गावाच्या टोकाला. समोर मोकळं मैदान, लाल, सारवल्यासारखं सपाट. तिथे आता कुणी खेळत नाही, सर म्हणाले. गवत मात्र उगवलेलं नव्हतं.

त्यांचे वडील ओसरीवर बाजेवर बसले होते. भिंतीवर झेंडी, माझ्या टाक्यांसकट. अंजनाबाईला बघून त्यांनी ओळखलं की नाही, कळलं नाही. मी पाया पडले, म्हटलं, बाबा, नेफ्यात माझी एक वस्तू राहिली आहे, काढून घेते.

“घे,” ते म्हणाले. सर चकित झाले. “मी म्हणत होतो हेमराजले, हे झेंडी पाठवू नको. झेंडी गेली तं आंगण सुनं झालं. चाळीस वर्षं दुपारचे पाय वाजून राह्यले इथी, मैदानात. सवय होते माणसाले.” त्यांनी बोट पुढे केलं. “वापस आली तवापासून पुन्हा वाजून राह्यले. पर पाय लहान झाले.”

“बाबा, बस झालं,” सर म्हणाले.

“पहिले मोठ्या पोरीचे होते. आता लहान हायेत. पडते, उठते.” मग पिंकीकडे बघून त्यांनी मान खाली घातली.

झेंडी मीच उतरवली. नेफा कोमट होता. अंजनाबाईने पिंकीला घेतलं. मी ब्लेड लावला. माझेच टाके होते, माझाच दोरा, पण ब्लेड लागायच्या आधीच तुटत होता. विरलेला. नवीन रीळ होतं ते, त्या दिवशी फोडलेलं.

आत तुकडा होता. निळं बदक उडून गेलं होतं. उजेडासमोर धरला तेव्हा त्याची बाह्यरेघ दिसली, तीही माहीत होती म्हणून. कापड जाळीसारखं झालं होतं. साल लावायला दिलं असतं तर मी चाळीस वर्षं मागे गेले असते.

“हे तं तू मागच्या महिन्यात लावलं ना?” सर म्हणाले.

मी तुकडा ब्लाउजमध्ये ठेवला.

अंजनाबाई पिंकीला घेऊन मैदानाच्या कडेला गेली होती. काठावर, जिथून लाल माती सुरू होते तिथे थांबली. दुसऱ्या हातात पिवळा तुकडा. तिने तो उंच धरला नाही, हलवला नाही. नुसता पुढे केला, आणि घरातल्या घरात हाक मारतात तशी हाक मारली.

“ज्योत्स्ना. चाल बाई. झालं आता. घरी चाल.”

झाडावर काहीतरी हललं. मुंगूस किंवा खार.

पिंकीने श्वास घेतला.

मी धावले. तिला अंजनाबाईच्या कडेवरून ओढून घेतलं. डोळे उघडे होते, मैदानाकडे. ओठ हलत होते. मी म्हटलं, पिंकी. पुन्हा म्हटलं. तिचं अंग माझ्या हातात ओढणीएवढं हलकं होतं.

मग तिने श्वास सोडला. लांब, खूप लांब, एवढा श्वास एवढ्या छातीत मावणार नाही असा. आणि रडली. आणि माझ्या हातात वजन आलं. एकदम, हात खाली जाईल इतकं. मी तिथेच मातीत बसले आणि तिला पाजलं.

परतताना मांडीला मुंग्या आल्या. मी पाय हलवला नाही. पुलावर ती झोपलेली होती, श्वास नीट चालू होता. सावलीला अंजनाबाई उतरली. तिचा चेहरा मोकळा दिसत होता. “दार उघडं ठेवतो आज,” म्हणाली. “भात जादा टाकतो.” तुकडा तिच्या मुठीत होता.

त्या रात्री आम्ही तिघंही झोपलो. राजदीप म्हणतो, तू घोरत होतीस.

सकाळी पिंकीला आंघोळ घालायला घेतलं. शांत होती. पाण्यात हात मारत होती. मी कान धुतले, गळ्याच्या वळ्या धुतल्या, बोटांच्या बेचक्या. मग पाय घेतले, नेहमीसारखे वर केले, ओठ लावायला.

पाणी लाल झालं होतं.

वाटलं, काल मैदानात बसले तेव्हा लागली असेल माती. पण काल तिला मी खाली ठेवलंच नव्हतं. पायात मोजे होते. मोजे तपासले, आतून बाहेरून. पांढरे होते.

तळवे चोळले. माती रेघांमध्ये बसली होती. रेघा होत्या. टाचा कडक होत्या, अनवाणी चालणाऱ्या बाईच्या असतात तशा, बारीक भेगा पडलेल्या.

तेवढ्यात फोन वाजला. ओल्या हाताने उचलला.

“रिना,” अंजनाबाई म्हणाली. आवाज दमलेला. “नाई आली वं ते. बसलीच होती मी दारात. भात तसाच हाय.” मी फोन खांद्याने कानाशी दाबून टाच पुन्हा चोळली. “वाट चुकली असन का? तुमच्याकडे नाई ना आली?”

पिंकी माझ्याकडे बघून हसत होती. तिने उजवा पाय ओढून घेतला आणि डावा पुढे केला.

साल लावायची सवय आहे मला. टाचेवरची ती आडवी खूण ताजी नव्हती. भरून आलेली, पांढरी पडलेली, कडांना गुळगुळीत झालेली.

“नाही, मोठीमाय,” मी म्हटलं. “येईल. दार उघडं राहू द्या.”

फोन ठेवला. पाय पुसला, नीट, बोटांच्या मधलंसुद्धा. मग टाचेला ओठ लावले आणि मोजा चढवला.